साय की चांदणे

आमच्या आतल्या खोलीस पांढरा रंग द्यावा, याविषयी माझे व माझ्या पत्नीचे तत्काळ एकमत झाले. संसाराच्या प्रदीर्घ काळात असा योग क्वचितच आलेला असल्याने मी मनोमन संतुष्ट होतो. ती खोली तिच्या शिवणकामाची. खिडकीपाशी तिचे मशीन, मागे रिळांचे फडताळ, आणि गिऱ्हाइकांना बसावयास एक बाकडे. हल्ली तेथे फार अंधारून येते, शिवताना त्रास होतो, अशी तिची तक्रार होती. भिंती उजळल्या म्हणजे तो त्रास दूर होईल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

परंतु पांढरा हा काही एकच रंग नव्हे. रंगाऱ्याने दोन डबे आणले. एकाचे नाव ‘साय’, दुसऱ्याचे ‘चांदणे’. भिंतीवर त्याने दोन्हींचे रुंद पट्टे एकमेकांस चिकटवून ओढले, वाळू दिले, आणि काकू म्हणतील तो देतो, असे सांगून तो बाजूस उभा राहिला.

पत्नीने पट्टे जवळून पाहिले, लांबून पाहिले, खिडकी सताड उघडून पाहिले. मग कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "एकाच डब्यातला रंग दोनदा फासलास होय रे?"

तो थट्टा समजून हसला. ती हसली नाही. कापडाला दोरा जुळवण्यात आपली हयात गेली, काळ्यातले चार काळे आपण वेगळे काढतो, तेव्हा आपल्याला कोणी शेंडी लावू नये, असे तिने त्यास सुनावले. त्याने दोन्ही डबे पुढे केले, तर चिठ्ठी काय कोणीही चिकटवील, म्हणाली. बिचाऱ्याचा चेहरा पडला. जेवून येतो, एवढेच पुटपुटून तो जिन्यात जाऊन बसला.

मलाही राग आला. साय किंचित पिवळसर, उबदार. चांदणे निळसर आणि थंड. यात न दिसण्याजोगे काय होते? मी आदल्या दिवशी चांदण्याची स्तुती केली होती, म्हणूनच ही हट्टास पेटली, असा मी निष्कर्ष काढला व तो बोलूनही दाखवला. त्यावर, परक्यांची बाजू घेण्यात तुमचा जन्म गेला, असे उत्तर देऊन ती स्वयंपाकघरात गेली. तेथून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येऊ लागला.

मी बाकड्यावर एकटाच बसून राहिलो. गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढण्यात आला. डाव्या डोळ्याचे काम अद्याप बाकी आहे. भिंत घासल्याची धूळ उडाली होती, म्हणून मी उजवा डोळा मिटून रुमालाने टिपू लागलो, आणि सहज समोर पाहिले. दोन पट्टे नाहीसे झाले होते. तेथे एकच मळकट पांढरा तुकडा होता. मी आयुष्यभर पुस्तकांची बांधणी केली आहे. उत्तम चिकटवलेल्या कागदाचा सांधा जसा शोधूनही सापडत नाही, तद्वत त्या दोहोंमधील रेघ मला सापडेना. उजवा डोळा उघडला, पट्टे विलग झाले. मिटला, पुन्हा एक.

म्हणजे ती हट्ट करीत नव्हती. जे दिसत होते तेच सांगत होती. काळ्या पोलक्यास निळा दोरा लावल्यावरून एक गिऱ्हाईक मध्यंतरी काही न बोलता गेले, ते परतले नाही. डोळे दाखवू या, असे मी म्हणालो, तेव्हा तिने विषय तोडला होता. जे थोडेफार दिसते तेही गेले तर मी मशीनवर बसायचे कशाला, असे ती त्या वेळी म्हणाली होती, आणि मी ते नेहमीचे बोलणे समजलो होतो.

मी तिला हाक मारली. ती ओले हात पदरास पुसत आली, भांडणाच्या पुढच्या फेरीची तयारी करूनच. मी म्हणालो, "अगं, डाव्या डोळ्याने मलाही हे दोन्ही एकच दिसतात."

ती भिंतीकडे पाहत राहिली. "आणि उजव्याने?"

"उजव्याने दोन."

"किती दोन?"

मी म्हणालो, कापडाची सुलट आणि उलट बाजू असते ना, तितके.

ती बाकड्यावर माझ्या शेजारी बसली. हळूच म्हणाली, "मला वाटायचं, हल्ली दोरेच असे येतात."

मी तिचा ओला हात हातात घेतला, तो तिने घेऊ दिला. मग मी माझा निर्णय सांगितला : आधी डोळे दाखवायचे, मग रंग तिने निवडायचा, आणि तोवर भिंतीस हात लावायचा नाही. अशी ठिगळं लावलेली भिंत बरी दिसत नाही, म्हणाली. तुला कुठं दिसतेय, असे माझ्या तोंडून निघून गेले. मी जीभ चावली. पण ती हसू लागली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

नंतर तिने विचारावयास आरंभ केला. सुई असते का? डोळा उघडा ठेवतात का? शिंक आली तर? मी माझ्या अनुभवाप्रमाणे, काही न लपवता, सर्व सांगितले. भीती मलाही वाटली होती, हेही सांगितले.

"तुम्ही कुठे असाल?"

"बाहेर. आत येऊ देत नाहीत."

"बाहेर म्हणजे दाराशी. सुपारी खायला खाली नाही जायचं."

"दाराशीच."

तेवढ्यात रंगारी जिन्यातून डोकावला. कोणता ठरला, असे त्याने माझ्याकडे पाहून, तिची नजर चुकवीत विचारले. मी उत्तर देण्यापूर्वी तीच उठली.

"रंगारीबुवा, थोडे दिवस थांबा. मला आधी डोळा करून घ्यायचाय. मग तुमच्याशी नीट भांडेन."

तो गोंधळून हसला. मग रंगावर साय धरू नये म्हणून झाकणे घट्ट बसवायला हवीत, असे म्हणत तो खाली बसला. तिने पहिला डबा त्याच्यापुढे सरकवला, आणि तो ठोकत असताना दुसरा दोन्ही हातांनी धरून ठेवला.