श्वास घेणारा माठ

त्र्याऐंशी साली नाचणगावात हरिदासबाबाच्या दारात बायकांची ही रांग लागायची! आत अंधारात शेंदूर फासलेला माठ, त्याला सडक्या संत्र्यांचा वास. माठावरची वाटी आपोआप हलायची, आतून कोणी कुजबुजल्यासारखा आवाज यायचा. बाबा म्हणायचा, देवी श्वास घेऊन राह्यली. आवाज थांबला की देवी माहेरी जायची, आणि बाबा आत गूळ टाकून तिला परत बोलवायचा.

चेहरा उजळायला तो आधी टाचा घासायच्या खरबरीत वज्रीने गाल घासायचा, मग माठातलं पाणी लावायचा. जळलं तर पाप निघालं, नाही जळलं तर देवी प्रसन्न.

गावातल्या शाळकरी सुनीतीच्या मोठ्या बहिणीच्या, माणिकच्या गालावर फिकट चट्टा होता आणि पाहुणे बघायला येणार होते. बाबाने रक्त दिसेस्तोवर घासलं. माणिक अशी बसलेली, जणू गाल दुसऱ्याच कोणाचा!

"जळते का?"

"नाई."

बायका तिच्या पाया पडल्या. आई आनंदाने रडली.  सुनीतीच्या डोळ्यांसमोरून मात्र ताईचं ते गप्प बसणं जाईना.

तिने शाळेत विज्ञानाच्या शोभाबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी बाटलीत सडकी संत्री, गूळ, पाणी घातलं आणि तोंडाला फुगा बांधला. दोन-चार दिवसांत फुगा ताठ उभा!

बाई म्हणाल्या, फळ आंबलं की वायू सुटतो. त्याच आंबट पाण्याने वरची कातडी निघते, म्हणून चेहरा उजळ दिसतो. आणि सोललेल्या गालाला ते झोंबणारच.

"मंग ताईले काऊन नाई झोंबलं?"

बाईंचं हसू मावळलं. संध्याकाळी सुनीतीच्या घरी येऊन त्यांनी माणिकला डोळे मिटायला लावले आणि कापूस फिरवला. कपाळावर ती "लागलं" म्हणाली. चट्ट्यावर गप्प. पुन्हा फिरवला. गप्पच.

"काकू, ही देवी नाही. कुष्ठरोग असू शकतो. गोळ्यांनी बरा होतो, पण उद्याच वर्ध्याच्या दवाखान्यात चला."

"पाहुण्याईले काय सांगू?" आईने विचारलं.

माणिक म्हणाली, "मले नेजो, आई. मले जळलं पाह्यजे."

दवाखान्यात बाईंची शंका खरी ठरली. गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सुनीती फुग्याची बाटली घेऊन थेट रांगेसमोर उभी राहिली. फुगा कसा फुगला ते तिने सांगितलं. बायका हसल्या, बाबा खोलीत पळाला. मग तिने विचारलं, "इथं कोणाकोणाले जळलं नाई?"

तीन हात वर झाले. मोठ्या अभिमानाने.

सुनीती त्या तिघींजवळ गेली. ती म्हणाली, "मावशी, हे देवीचं देणं नोहे. आजार हाये, अन् औषध हाये. चला माह्यासंगं."

बायांनो, तुमच्या गालाला स्पर्श कळत नसेल तर नवस बोलू नका. डॉक्टरला दाखवा.