दोरीपलीकडचे पप्पा

"सर, गाडी पप्पांनी बनवली असेल तर बक्षीस घ्यायला स्टेजवर पप्पांनीच यायचं, की सोबत आम्ही पण आलो तर चालेल?"

हा प्रश्न मी भर पालकसभेत, उभी राहून, माइक हातात धरून विचारला. एवढी छाती माझी एकटीची नव्हती. माझ्या मैत्रिणी गजाला आणि राहत दोन्ही बाजूंनी मला कोपरं मारत बसल्या होत्या. "पूछ की गे! कायको डरती?" गजाला म्हणाली. राहत म्हणाली, "नाही विचारलंस ना, तर दहावी संपेपर्यंत तुझं नाव म्यूट." आता म्यूट होऊन दहावी काढायची म्हणजे काय चेष्टा आहे? विचारला.

स्पर्धा उतारगाड्यांची होती. शाळा प्रत्येकाला एक पुडकं देते. लाकडाचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि चार खिळे. त्यातून वीतभर लांबीची गाडी बनवायची. इंजिन नाही, सेल नाही, ढकलायचं नाही. उंच उतारावरून नुसती सोडून द्यायची. जी आधी खाली पोचली ती जिंकली. चाकं चार हवीत, हे कागदावर लिहिलेलंच असतं. त्याशिवाय नियम दोन. वजन दीडशे ग्रॅमच्या वर नको, आणि गाडी विद्यार्थ्याने स्वतः बनवावी. पहिला नियम काट्यावर तपासतात. दुसरा तपासायचा काटा अजून निघालेला नाही.

माझ्या प्रश्नावर सगळा हॉल हसला. सगळ्यांत जास्त बापमंडळी हसली, कारण प्रत्येकाला वाटलं की हा टोमणा शेजारच्या खुर्चीला आहे. माझे पप्पा तर मांडीवर थाप मारून हसले. थापेसरशी त्यांच्या पँटवरून लाकडाचा भुसा उडाला.

विज्ञानाचे गोकुळ सर मात्र हसले नाहीत. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. सर असं म्हणाले की समजायचं, आपलं काही खरं नाही. "या वर्षी स्पर्धेच्या दिवशी पालक दोरीच्या मागं थांबतील. टेबलापाशी फक्त मुलं. आणि प्रत्येकानं आपली गाडी कशी बनवली ते सगळ्यांपुढं सांगायचं. सोनियापासून सुरुवात करू."

झालं का! मला आता भर हॉलमध्ये उभं राहून सांगायचं होतं की मी माझी गाडी कशी बनवली. आणि मी माझ्या गाडीला अजून हातही लावला नव्हता.

पप्पा वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे-अवजारं बनवायच्या खात्यात आहेत. शाळेतून पुडकं आणलं त्या दिवशीच त्यांनी ठोकळ्यावर नखानं टकटक केलं. "हे लाकूड व्हय? खोक्याचं आहे हे." पुडकं गेलं माळ्यावर. पप्पा शहागंजला जाऊन सागवान घेऊन आले. मित्राच्या लेथवर नवी चाकं कातून आणली. लॅपटॉपवर तीन बाजूंनी चित्र काढलं. गाडीचं नावही त्यांनीच ठेवलं, गरुड. माझं काम मोठं जबाबदारीचं होतं. "सोनू, पॉलिशपेपर दे. सोनू, पंखा बंद कर. सोनू, तिच्यावर श्वास सोडू नको."

एकदा मी बोट लावलं तर ओरडले, "अगं, हाताला घाम असतो!"

"पप्पा, चाकं तरी मला लावू द्या ना. मला सांगायचंय सगळ्यांपुढं."

"तू टेन्शन नको घेऊ. मी मुद्दे काढून देतो, तू पाठ कर."

आणि खरंच व्हॉट्सअॅपवर मुद्दे पाठवले. म्हणजे गाडी त्यांची, पाठांतर माझं. इतिहासाच्या पेपरसारखं.

त्या आठवड्यात पप्पांना दुसरी, दुपार ते रात्रीची शिफ्ट होती. मी माळ्यावरून पुडकं खाली काढलं आणि शाळेतून आल्यावर रोज कामाला लागले. करवतीनं ठोकळा तिरका कापायला गेले तर तो दोन ठिकाणी दोन प्रकारे तिरका झाला. खिळे टूथपेस्ट लावून फडक्यानं घासले. पेन्सिलीच्या शिशाची पूड करून चाकांत भरली. ती मोठ्या मशीनच्या तेलाहून भारी, कारण ओशट होत नाही आणि धूळ धरत नाही. वजनासाठी मागच्या बाजूला भोक पाडून नट कोंबले, वर एमसील. दिवाणाची फळी काढून खिडकीला टेकवली की झाला उतार.

पुढचा एक खिळा मात्र वाकडा गेला. ते चाक जमिनीला टेकेचना, केसभर वरच राहिलं. पक्कड लावून उपटायला गेले तर निघेना. रडकुंडीला येऊन तशीच सोडली, तर आधीपेक्षा जोरात पळाली! कारण सरळ होतं. चारऐवजी तीनच चाकं घासत होती. पप्पांना दाखवलं असतं तर त्यांनी एका मिनिटात ते चाक सरळ करून गाडी हळू केली असती. दिसायला माझी गाडी शिळ्या भाकरीच्या तुकड्यासारखी होती, तो भाग वेगळा.

मग आली खंडेनवमी. गरुड तयार होता. वजन आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दीडशेला अगदी टेकलेलं. पप्पांनी पाटावर ड्रिल, पाने, पक्कड, लॅपटॉप असं सगळं मांडलं आणि मधोमध गरुड. आमची आई पूजा करते ती सढळ हातानं. चारही चाकांना ओली हळद, ओलं कुंकू, त्यावर अक्षता दाबून, वरून फुलानं पाणी.

"सुरेखा, मागच्या चाकांना कमी झालं," असं म्हणणारे इंजिनिअर आमचेच.

"आता पुसायचं नाय हां," आई म्हणाली.

"पुसतंय कोण!"

दसऱ्याची सुट्टी संपली आणि स्पर्धा आली. मला वाटलं होतं, असा प्रकार फक्त आमच्याच घरी. कसलं काय! वजनाच्या टेबलावर रांगेनं झेंडूच झेंडू. विश्वजीतचे वडील नानासाहेब प्लॉटिंगवाले; त्यांनी गाडीला नैवेद्य म्हणून पेढा चिकटवला होता. गाडीला मुंग्याही लागल्या होत्या. गजालाचे अब्बू फारूखचाचा आम्हाला बघून खो खो हसत होते आणि त्यांनीच नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा मागच्या चाकात गुंडाळला गेला होता. गजाला तो दातानं तोडत होती.

गोकुळ सरांनी गरुड काट्यावर ठेवला. वजन जास्त.

"अक्षता खरवड," सर म्हणाले.

मी खरवडल्या. वजन बसलं. मग मी चाक फिरवलं. खर्र. बंद. हळद आत जाऊन वाळून कडक झाली होती.

दोरीमागून पप्पा ट्रॅफिक पोलिसासारखे हातवारे करायला लागले. "सुई घाल! फुंकर मार! अगं, उलटं फिरव!" त्यांच्या शेजारी नानासाहेब विश्वजीतवर ओरडत होते, "चाट! चाटून काढ तो पेढा!"

"सोनिया," सर म्हणाले, "सांग. गाडी कशी बनवली?"

मुद्दे पाठ होते. "सर, या गाडीचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या..." इथवर आले आणि माझंच मला हसू आलं. गजाला बघत होती, राहत बघत होती. आपणच विचारलेल्या प्रश्नाला आपणच असं उत्तर द्यायचं?

"सर, ही पप्पांनी बनवली. माझी ही."

डब्याच्या पिशवीतून मी माझा तो चार चाकांचा भाकरीचा तुकडा काढला. पप्पांचा हात हवेतच राहिला. मग मी सगळं सांगितलं, टूथपेस्टपासून वाकड्या खिळ्यापर्यंत.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "हे चाक टेकत नाही."

"चार चाकं पाहिजेत असं नियमात आहे, सर. टेकली पाहिजेत असं नाही."

सरांनी नियमांचा कागद दोनदा वाचला, वजन केलं आणि गाडी उताराकडे नेऊ दिली. गरुड टेबलावरच राहिला.

विश्वजीतची गाडी पाकात बुडाल्यासारखी निम्म्या उतारावर थांबली. माझी धडधडत, डावीकडे कठड्याला घासत, पण शेवटपर्यंत गेली. एकूण तिसरी! गजाला दुसरी. पहिली आली वर्गातल्या सत्यमची, म्हणजे सत्यमच्या मामांची. सत्यमला मुद्दे छान पाठ होते. टाळ्या मामांकडे बघून वाजल्या. पहिल्या तिघांना पुढच्या फेरीसाठी सिल्लोडला पाठवणार, असं सरांनी जाहीर केलं.

स्कूटरवर उस्मानपुऱ्यातल्या घरापर्यंत पप्पा नुसता हॉर्न वाजवत राहिले. मला वाटलं, दुखावले. मनात म्हटलं, रात्री सॉरी म्हणू. पण घरी बूट काढायच्या आत त्यांनी माझी गाडी पिशवीतून काढून उजेडात धरली.

"बनवलीस बरी. आता एवढं चाक सरळ करू, मागं थोडं शिसं ओतू, बॉडी सागवानात घेऊ. सिल्लोडला आपण पहिले यायलाच पाहिजे."

आपण! चाक सरळ, बॉडी नवी, वजन नवं. मग माझं राहिलं काय? नाव?

"करू दे की त्यांना," आई म्हणाली. "लई हौस आहे त्यांना. आणि नंबर तर वर येईल."

मी पप्पांच्या हातातून गाडी घेतली. त्यांनी सोडली, पण पटकन नाही.

"आई, पप्पा, दोघं नीट ऐका," मी म्हणाले. "सिल्लोडला ही गाडी अशीच जाणार. हिला काय करायचं ते मी करणार, आणि शेवटची आली तरी माझीच शेवटची येणार. तोवर ही माझ्या कपाटात कुलपात राहील आणि किल्ली माझ्याजवळ. तुम्ही दोघं बघायला या, पुढच्या खुर्च्या धरून ठेवते."