निर्मळ पाणी

बोटभर बाटलीतलं पाणी आजही बिनरंगीच राहिलं. थेंब टाकून झाले, बाटली हलवून झाली, खिडकीच्या उजेडात धरून झाली. गुलाबी छटेचा मागमूस नाही. म्हणजे नायट्रेट, माशांच्या घाणीतून पाण्यात उतरणारा क्षार, शून्य. कालपर्यंत हे शून्य पाहून त्याला बरं वाटायचं — शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी घासण्यात जन्म गेलेला, स्वच्छतेत तरी आपला हात कुणी धरणार नाही... आज मात्र बाटली धरलेला हात खाली येईना. काचेपलीकडे, टाकीत, बायकोचं जांभळं प्रवाळ टोकांकडून पांढरं पडत चाललं होतं.

टाकी तिची, मासे तिचे, खाऱ्या पाण्याचं वेडही तिचंच. आजारपणानंतर तिने टाकीकडे बघणं सोडलं. ते प्रवाळ जगलं तर कधीतरी ती पुन्हा टाकीसमोर खुर्ची ओढेल, एवढ्या आशेवर तो रोज थेंब मोजत होता.

सकाळी त्याने शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला होता.

"काका, माशांना खायला किती घालता?"

"चिमूटभर. तेही एक दिवसाआड. पाण्यातली घाण फेसावाटे काढायचं यंत्र सतत चालू. पाणी बघाल तर आरसा."

"तेच तर. आरशात काय जगणार? उपाशी मारताय त्याला. माशांची थोडी घाण पाण्यात राहिली पाहिजे, त्यावरच ते पोसतं. फार झाली तर वाईट, पण थोडी हवीच."

"आता वाढवलं तर वाचेल?"

"बघा. पांढरं पडलेलं सगळंच परत येत नाही."

थोडी हवीच... हिला त्रास होईल असं काही नको, असं डॉक्टर म्हणाले होते. मग त्याने एकेक गोष्ट जाळीने काढावी तशी काढली. तिच्याशी तास न् तास उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या आपल्या बहिणीला दारातूनच परत पाठवलं. बातम्या बंद केल्या. धाकट्या मुलाची नोकरी गेली, ते सांगितलंच नाही. आणि भांडण — ती काही बोलली की मी हो म्हणायचो. मी हो म्हणत गेलो, आणि ती बोलायची थांबली. घर कसं शांत, नितळ... किती छान काळजी घेता, डॉक्टर म्हणाले, आणि मी खूश झालो.

पूर्वी पाणी बदलताना गालिच्यावर थेंब जरी सांडला तरी ती करवादायची, "डोळे काय खिशात ठेवलेत?" तो म्हणायचा, "तुझ्याच पर्समध्ये असतील, बघ." मग संध्याकाळपर्यंत अबोला; आणि त्या अबोल्यातही भांड्यांचा केवढा आवाज...

त्याने यंत्र बंद केलं. माशांना मूठ सैल करून खाणं घातलं. मग टाकीचं पाणी बदलायला भरून ठेवलेली बादली उचलली आणि, आपण काय करतोय हे नीट कळायच्या आत, गालिच्यावर कलती केली.

खोलीचं दार वाजलं. ती पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाली होती. ओलीपाशी थबकली.

"सांडलं गं माझ्याकडून," तो म्हणाला. टाकीवरचं फडकं त्याने हातात घेतलं.

तिने ओलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"असू दे," ती म्हणाली, आणि गाऊनची कड उचलून, परक्याच्या घरात चालावं तशी जपून, वळसा घालून गेली.

टाकीत खाण्याचे कण पांढऱ्या टोकांवरून तरंगत पुढे जात होते. ओल गालिच्यात पसरत होती. त्याने हातातलं फडकं खिशात कोंबलं. परत येतानाही ती वळसाच घालेल, हे ठाऊक असून तो तिथेच उभा राहिला.