झटका

पूर्णिमानं मागच्या रांगेतली खुर्ची ओढली आणि भिंतीला पाठ लावून ती बसली. तालमीचा वरचा हॉल बायकांनी भरत आला होता. पुरुष जिन्यात उभे होते. मंगळवार पेठेतल्या या तालमीनं वयात आलेल्या पोरांच्या आई-वडिलांसाठी शनिवारची बैठक सुरू करायची ठरवली होती, आणि ही पहिलीच. 'पोरांशी बोला, पोरांना जपा,' असं स्टेजमागच्या फलकावर लिहिलं होतं.

ती निघाली तेव्हा तिचा नवरा अमरसिंह दुधाचे कॅन धूत होता. मान वर न करता म्हणाला होता,

"जा, बस, परत ये. बोलू नकोस काय."

बोलण्यासारखं काय होतं? त्यांचा मुलगा राजवीर दोन वर्षांपूर्वी गेला. बारावीला होता, तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा. एकाएकी ग्राऊंडवर जायचा बंद झाला, जेवण कमी झालं, आणि एका सकाळी त्याच्या खोलीचं दार अमरसिंहला ढकलून उघडावं लागलं. पोलीस आले, गेले. गल्लीत माणसं जमली तोवर अमरसिंहनं ठरवून टाकलं होतं. "हृदयाचा झटका आला. कुणीबी इचारलं तर हेच सांगायचं." पूर्णिमा तेच सांगत आली. बहिणींना, गारगोटीच्या माहेरच्यांना, दूध न्यायला येणाऱ्या बायकांना. उलट कुणी काही विचारलं नाही. लोकांचा विश्वास बसला म्हणून तिला हायसं वाटायचं, आणि त्याच हायसं वाटण्याची किळसही यायची. खरं जे झालं होतं त्यासाठी तिला कुणाच्याच गळ्यात पडून रडता आलं नव्हतं.

जयसिंगपूरहून आलेली अनुजा नावाची समुपदेशक तरुण होती. साडीची पिन सारखी नीट करत होती, पण बोलत होती नीट. पोरगं गप्प झालं तर त्याला काय विचारायचं, कसं ऐकायचं, कुणाकडे न्यायचं. बायका ऐकत होत्या. मग तालमीचे अध्यक्ष विजयसिंह माईकपाशी आले.

"ताईंनी चांगलं सांगितलं. बाहेर पोरं जिवाचं काय काय करून घेत्यात, आपण पेपरात वाचतो. पण आपल्या पेठेचं एक हाय. आपली पोरं मातीतली. आपल्यात असलं कधी झालेलं न्हाई, आणि हुणारबी न्हाई!"

टाळ्या पडल्या. पूर्णिमाचेही हात सवयीनं उचलले गेले होते. ते तसेच राहिले. मग ती उभी राहिली.

"झालंय."

माना मागं वळल्या.

"माझा राजवीर. त्याला झटका आला न्हवता. त्यानं आपल्या हातानं जीव दिला."

आता हॉलमध्ये कल्लोळ होईल असं तिला वाटलं. कुणी तरी 'अगं बाई' म्हणेल, कुणी तोंडाला पदर लावेल. तसं काहीच झालं नाही. समोरच्या बायकांनी नजर मांडीवर नेली. एकजण बांगडी फिरवत बसली. एकाही चेहऱ्यावर नवल दिसेना.

विजयसिंहांनी माईक बंद केला.

"बसा वहिनी. म्हाईत हाय आम्हाला."

"कुणाला?"

"समद्यांस्नी. त्याच दिवशी कळलंतं. अमरसिंहदादा झटका म्हणाले, आम्हीबी झटका म्हणालो. घराचा मान राखला तुमच्या."

त्यांच्या आवाजात उपकार केल्याचं समाधान होतं.

तिच्या पुढच्याच खुर्चीवर शेजारच्या घरातली झुंबरबाई बसली होती. ती अर्धी वळली. डोळे पुसत हळू म्हणाली,

"लई गुणाचं पोरगं. माझ्या पायरीवर येऊन बसायचा. म्हणायचा, काकी, जगावं वाटंना झालंय."

"कधी?"

"त्याच महिन्यात की. मी म्हटलं, असं वंगाळ बोलू न्हाई, देवाचं नाव घे."

"मला का सांगितलं न्हाईसा?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

पूर्णिमानं खुर्चीची पाठ धरली. अनुजा स्टेजवरून उतरून तिच्याकडे येत होती, "काकू, थांबा," म्हणत होती. पूर्णिमा थांबली नाही. जिन्यातल्या पुरुषांनी अदबीनं वाट करून दिली.

गल्लीत अजून ऊन होतं. पाठीमागं चपलांचा आवाज येत होता, तो कुणाचा हे तिला वळून न बघताच कळलं. तिनं चाल वाढवली. दार उघडून आत शिरली आणि लावून घेणार, तोच झुंबरबाईनं चौकटीला हात घातला.

"माझी भैरवी," ती धापा टाकत म्हणाली. "नात माझी. तीबी तसंच बोलायला लागलीया. तिचं आईबाप पुण्याला. कुणाला सांगू मी?"

पूर्णिमाला वाटलं, जोरानं दार ओढावं. त्या बोटांवरच ओढावं. तिचा हात कडीवर होता.

"आत्ता कुठं हाय ती?"

"घरात."

"एकटी?"

झुंबरबाईनं मान डोलावली.

पूर्णिमानं काढलेल्या चपला परत पायांत सरकवल्या. आतून अमरसिंहनं हाक मारली, "काय झालं गं तिथं?" ती उंबरा ओलांडून बाहेर पडली. पलीकडच्या घरापर्यंत दोघी गेल्या, पण पूर्णिमानं झुंबरबाईकडं एकदाही बघितलं नाही. फक्त दाराशी गल्लीतल्या एका पोरीला थांबवून म्हणाली, "तालमीत जा, अनुजाताई हायेत, त्यांना इथं घेऊन ये. पळ."

भैरवी आतल्या खोलीत पंखाही न लावता बसली होती. केस विंचरलेले नव्हते. पूर्णिमा तिच्या शेजारी फरशीवर बसली. भैरवीनं आधी तिला पाहिलं, मग दारातल्या आजीला, आणि तिचा चेहरा कडवट झाला.

"आजी, कुणाला सांगू नको म्हटलंतं ना मी?"

झुंबरबाईची मान खाली गेली.

"सांगितलं ते बरं केलं तिनं," पूर्णिमा म्हणाली.