छातीचा फोटो

जोती खोकला तेव्हा अनसूया भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच थांबले. हा खोकला जोतीचा नव्हता, हंबीरचा होता. कोरडा, तुटका, मध्येच अडकणारा. तिच्या त्या पहिल्या लेकाला कवठे महांकाळच्या ओढ्याकाठी पुरून तीन वर्षं झाली होती, आणि आता त्याचा खोकला दहा महिन्यांच्या धाकट्याच्या गळ्यातून येत होता. लाळ तशीच गळत होती. अंगावर घेतलं की तोंड फिरवणंही तसंच.

हंबीर गेला तो सासूच्या, शालूबाईच्या मांडीवर. अनसूया आडावर गेली होती. परत येऊन बघते तो पोराच्या पोटावर खोकल्यावर उपाय म्हणून दिलेले बिब्ब्याचे दोन ताजे डाग, आणि पोर निपचित. त्यानंतर ती सासूला कधी उलट शब्द बोलली नाही. फक्त जोतीला तिच्या मांडीवर दिलं नाही.

या खेपेला शालूबाईनं बिब्ब्याचं नाव काढायच्या आत तिनं जोतीला पदरात गुंडाळलं आणि सांगलीची एस.टी. धरली. शालूबाई न विचारता मागच्या बाकावर येऊन बसली. गाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी लढाई. अनसूयाच्या नवऱ्याचं, मानसिंगचं, महिनाभर पत्र नव्हतं. तो कुठल्या सरहद्दीवर आहे, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी जोतीची छाती तपासली आणि म्हणाले, "फोटो काढल्याशिवाय कळायचं नाही."

फोटोच्या खोलीला काळे पडदे होते. यंत्र चालवणारे गोपाळराव घाईत होते. "पोराचे हात वर ओढून धरायचे. अजिबात हलू द्यायचं नाही. आणि बाई, त्या बांगड्या काढा."

"का वो?"

"काचेची सावली येते. मग डॉक्टर छाती बघणार की तुमच्या बांगड्या?"

बांगड्या घट्ट होत्या, निघणाऱ्या नव्हत्या. अनसूयानं मनातल्या मनात मानसिंगची माफी मागितली आणि मनगट टेबलाच्या लोखंडी कडेवर नेलं. शालूबाईनं तिचा हात वरच्यावर धरला.

"अगं ए अनशे! माझा ल्योक तिकडं लढाईत, आन् तू हितं बांगड्या फोडतीस?"

"मग जोतीला कोण धरंल?"

"मी धरते. मालक गेल्यापास्नं माझं हात सात वर्सं मोकळंच हायती की."

अनसूया हलली नाही. जोती पुन्हा खोकला, हंबीरसारखा.

"कुणीतरी धरा हो," गोपाळराव म्हणाले, "बाहेर रांग लागलीय."

तिनं जोतीला सासूच्या हातात दिलं. त्याच्या जन्मापासून पहिल्यांदा. ती बाहेर आली आणि दार लागलं. आतून जोतीचं रडणं येत होतं, वर वर चढत होतं. मग यंत्र घरघरलं आणि रडणं एकदम थांबलं.

असंच थांबलं असेल तेव्हा. ती आडावर होती, म्हणून तिला ऐकू आलं नव्हतं. तिनं दार ढकललं.

"अहो बाई, दार!" गोपाळराव ओरडले. टेबलावर जोतीनं रडता रडता श्वास धरला होता. पुढच्या क्षणी त्यानं टाहो फोडला आणि अनसूया भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टरांनी ओली फिल्म उजेडाच्या काचेवर लावली. चिमुकल्या फासळ्या. दोन्ही बाजूंनी जोतीचे दंड पकडलेली म्हाताऱ्या बोटांची हाडं, गाठी आलेली, घट्ट. आणि बरोबर मध्ये, गळ्याच्या खाली, पांढरीशुभ्र उघडी पिन.

"साडीची पिन गिळलीय. आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या, दुर्बिणीनं काढतील. वेळेत आणलंत." मग त्यांनी विचारलं, "आधीचं मूल खोकल्यानंच गेलं म्हणालात. त्याचा फोटो काढला होता?"

"न्हाई."

डॉक्टरांनी मिरजेची चिठ्ठी लिहायला घेतली.

"पिन माजी हाय, डाक्टर," शालूबाई घाईघाईनं म्हणाली. "माज्या वाकळंतली. पोरीला काय बोलू नका."

अनसूयाचा हात गळ्याशी गेला. मंगळसूत्राला ती चार पिना अडकवायची. बोटांना तीनच लागल्या. हंबीरही दूध पिता पिता याच मंगळसूत्राशी खेळायचा. तेव्हा किती होत्या, हे तिनं कधी मोजलं नव्हतं.

दिवस कलायच्या आत मिरजेला पिन निघाली. जोतीचा घसा सोलवटला होता, पण खोकला थांबला. तो शालूबाईच्या मांडीवर झोपला आणि अनसूयानं त्याला उचलून घेतलं नाही.

"आत्याबाई, पिन माजी हाय."

"ठावं हाय मला."

"मग हंबीरलाबी..."

"गप. पोर उठंल."

दवाखान्याच्या ओसरीवर लोकांची ये-जा चालू होती. जोतीची छाती शांत वरखाली होत होती. तरी अनसूया मान वळवून ऐकत राहिली.

"तुमाला येतोय का ऐकू?"

"काय?"

"खोकला."

शालूबाई जोतीला थोपटत राहिली. "मला व्हय?" ती हळूच म्हणाली. "मला तर तीन वर्सं रोज येतोय."