फोर्मोझाचा पान्हा

ऑक्टोबरच्या त्या दिवसांत फुर्नासच्या खोऱ्यात पावसाने उसंत म्हणून घेतली नाही. जमिनीच्या भेगांतून वाफ वर चढत होती, आकाशातून पाणी खाली उतरत होते, आणि या दोहोंच्या मध्ये, इदालिनाबाईंच्या खानावळवजा अतिथिगृहाच्या पागोळ्यांखाली, देल्फिम नावाचा एकसष्ट वर्षांचा गवळी ओला सदरा अंगाला चिकटलेल्या स्थितीत उभा होता.

साओ जॉर्ज बेटावरील आपले घर सोडून तो आयुष्यात प्रथमच परक्या ठिकाणी मुक्कामास आला होता. ज्याच्या दावणीला अकरा गाई आहेत त्याला दोन वेळा धार काढावी लागते, आणि ज्याला दोन वेळा धार काढावी लागते त्याचे जग त्या दोन वेळांच्या मध्ये जेवढे चालून परत येता येईल तेवढेच असते. विवाहास चौतीस वर्षे लोटली तरी पत्नी फिलोमेना हिला त्याने कोठेही नेले नव्हते. ती यापूर्वी कधी त्याविषयी बोललीही नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मात्र देल्फिम कासेखाली वाकला तो वाकलेलाच राहिला. दोघांनी धरून त्याला घरात आणले. त्या दिवसापासून फिलोमेनाने धोशा लावला की, गाई आता देल्फिमच्या बहिणीच्या मुलाच्या, एव्हारिस्तोच्या, स्वाधीन कराव्यात. देल्फिमचे उत्तर ठरलेले असे : माझ्या गाई परक्या हाताला पान्हा देणार नाहीत. अखेरीस उभयतांत करार झाला. तीन दिवस दोघांनी विमानाने दुसऱ्या बेटावरील फुर्नासला जावे आणि एव्हारिस्तोने धार काढावी. गाईंनी दूध दिले तर गाई एव्हारिस्तोच्या. न दिले तर फिलोमेनाने हा विषय पुन्हा काढू नये.

त्यांच्या गावात एक जुनी रीत होती. मालक बाहेरगावी निघाला म्हणजे आपला धारेचा डगला दाराआडच्या खुंटीवर ठेवून जातो. बदली माणूस तो डगला अंगात घालतो, गाईला ओळखीचा वास येतो आणि ती पान्हा सोडते. निघण्याच्या दिवशी सकाळची धार आटोपल्यावर देल्फिमने तो डगला खुंटीवर टांगला, फिलोमेनाने तो डोळ्यांनी पाहिला, आणि ती चुलीवरची राख झाकावयास आत गेली असता त्याने तो काढून थैलीच्या तळाशी कोंबला. या कृत्यास काय म्हणतात हे त्यास ठाऊक होते. त्याने फक्त ते नाव मनात उच्चारले नाही.

म्हणूनच थैलीत डगला असूनही तो भिजत होता.

"ए माणसा, तिथे खांबासारखा काय उभा राहिलास?" फिलोमेना समोरच्या ऊन पाण्याच्या कुंडातून ओरडली. गंजासारख्या तांबूस पाण्यात ती गळ्यापर्यंत बुडून बसली होती आणि पावसाचे थेंब तिच्या केसांवर टपटपत होते. "ये की आत! वरून भिजतोयस, तसा खालून भीज!"

"मला नको. कपडे पिवळे होतात त्या पाण्यानं."

"तुझे कपडे पांढरे होते कधी?"

"थंडी वाजत नाही मला."

"ओठ बघ जांभळे झालेत. डगला ठेवून आलास ते बरं केलंस, पण दुसरं काहीतरी आणायचंस. एव्हारिस्तोपेक्षा तुलाच गरज होती त्याची."

देल्फिम पावसाकडे पाहत राहिला.

दुपारी सरोवराकाठच्या गरम मातीत शिजण्यासाठी पुरलेली भांडी वर काढण्यात आली. इदालिनाबाईंच्या भांड्यातले मांस, कोबी आणि रताळी ताटांत पडली. फिलोमेनाने दोनदा मागून घेतले. हे जेवण आपण शिजवलेले नाही आणि याची भांडीही आपण घासणार नाही, हे तिने इदालिनाबाईंना तीन वेळा सांगितले. देल्फिमने ते मोजले, आणि प्रत्येक वेळी घास थोडा वेळ तोंडातच धरून ठेवला. सायंकाळच्या धारेची वेळ झाली तेव्हा त्याची बोटे मेजाखाली आपोआप मिटू-उघडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास इदालिनाबाई जिना चढून आल्या. "देल्फिमसाहेब, खाली फोन आलाय. तुमचा भाचा. रडवेला झालाय बिचारा."

फोन खाली स्वयंपाकघराच्या दाराशी होता. फिलोमेना नवऱ्याच्या पाठोपाठ उतरली आणि त्याच्या खांद्याशी उभी राहिली. तारेतून येणारा आवाज मोठा होता. तो ऐकण्यास कान लावण्याची गरज नव्हती.

"मामा, दहा जणींनी दिलं. कुरकुर केली, पण दिलं. फोर्मोझा देत नाही हो! काल संध्याकाळी थेंब नाही, आज सकाळी थेंब नाही. कास दगडासारखी झालीय. मागचा उजवा सड गरम लागतोय."

"किती गरम?"

"हात ठेवला की लाथ झाडते. मामा, तुमचा डगला खुंटीवर नव्हता. मी सगळं घर धुंडाळलं. शेवटी तुमचा चर्चला जायचा कोट घातला."

"त्याला डांबरगोळ्यांचा वास येतो, गाढवा!"

"ते मला लाथ बसल्यावर कळलं."

देल्फिमचा विजय झाला होता. अकरांपैकी एका गाईने पान्हा चोरला होता आणि करारातील शब्द त्याच्या बाजूने होते. परंतु दगडी झालेली कास काय असते हे त्याने पूर्वी पाहिले होते. त्याच्या वडिलांची एक गाय तशीच गेली होती. चार दिवस उभ्यानेच कण्हत होती आणि मग बसली ती उठली नाही.

"पहिलं विमान किती वाजता?" त्याने इदालिनाबाईंना विचारले.

"कसलं विमान? धुकं बघा बाहेर. विमानतळावरून आत्ताच सांगितलंय, आज काही उडत नाही."

तो क्षणभर फोन हातात धरून उभा राहिला. पत्नीकडे त्याने पाहिले नाही. फोर्मोझाकडे कसे जावे हे त्याने कोणालाही कधी शिकवले नव्हते, आणि आता ते शिकवल्यावाचून तिचे दुखणे थांबणार नव्हते. मात्र एकदा शिकवले म्हणजे तिला त्याची गरज उरणार नव्हती, हेही त्यास पुरते कळत होते.

"एव्हारिस्तो, नीट ऐक," तो म्हणाला. "आमच्या खोलीत जा. खिडकीकडची उशी माझी. तिचा अभ्रा काढ आणि गळ्याभोवती बांध. धुऊ नकोस. मग पाणी कोमट कर, फडकं भिजव आणि कास शेक. वरून खाली नाही, खालून वर. वासरू तिच्या तोंडाशी बांध. दुखऱ्या सडाला सगळ्यात शेवटी हात घाल. पहिल्या धारेत गुठळ्या येतील, त्या जमिनीवर सोड."

"बरं मामा."

"आणि तिच्याशी बोलावं लागतं."

"काय बोलू?"

देल्फिमने घसा साफ केला. इदालिनाबाई कांदा चिरायच्या थांबल्या होत्या. "म्हणायचं, उठा बाईसाहेब. बाहेर पाऊस आहे. म्हातारी झोपलीय, आपण दोघंच जागे. आज कंबर दुखतेय माझी, जरा सांभाळून घ्या. असं. मग दिवसभरात जे काय करायचं असेल ते सांगायचं. सगळं. काही राखायचं नाही."

"म्हातारी कोण, मामा?"

"जा तू लवकर! झालं की फोन कर."

देल्फिमने फोन ठेवला. मग फिलोमेनाने विचारले, "डगला कुठाय?"

"थैलीत. तळाशी."

"इथे?"

"इथे."

ती ओरडेल अशी त्याची अपेक्षा होती. तिने स्वयंपाकघरातील एक बाकडे पुढे ओढले आणि त्यावर बसली. "काल सबंध दिवस तू भिजलास," ती सावकाश म्हणाली. "मी वर म्हटलं, डगला ठेवलास ते बरं केलंस. आणि तू ऐकून घेतलंस."

"हो."

"कंबर अजून दुखते हे मला का नाही सांगितलंस? मी गेल्या महिन्यात विचारलं तर बरी आहे म्हणालास."

"तुला सांगितलं असतं तर तू गाई काढायला लावल्या असत्यास."

"मग गाईलाच सांगितलंस!" इदालिनाबाईंकडे वळून ती म्हणाली, "बघा बाई. चौतीस वर्षं मी समजत होते, ह्या माणसाला बोलताच येत नाही."

इदालिनाबाईंनी दोघांपुढे कॉफी आणि शेकलेली गोड भाकरी ठेवली. कॉफी निवली तरी देल्फिमने पेल्यास हात लावला नाही. भिंतीवरील घड्याळात दहा वाजून गेले, साडेदहा झाले. काचेपलीकडे पाऊस आणि वाफ एकमेकांत मिसळून गेली होती, त्यामुळे समोरचे कुंडदेखील दिसत नव्हते. फिलोमेनाने स्वतःची भाकरी संपवली आणि काहीही न विचारता त्याचीही अर्धी मोडून घेतली.

पावणेअकरा वाजता फोन वाजला. देल्फिम उठताना मेजाला अडखळला.

"सोडला, मामा! पान्हा सोडला! आधी दोऱ्यासारख्या गुठळ्या, मग पातळ पाणी, आणि मग स्वच्छ दूध. अर्धी चरवी झाली. सड नरम पडलाय. आता उभी राहून गवत खातेय."

"लाथ?"

"एकदा उचलली. मी म्हटलं, बाईसाहेब, माझं लग्न ठरत नाहीय, निदान तुम्ही तरी जवळ घ्या. तशी पाय खाली ठेवला."

फिलोमेना हसली. देल्फिमला हसू आले नाही. आपण कधी न सांगितलेले वाक्य फोर्मोझाने ऐकून घेतले, ही गोष्ट तो मनात फिरवून पाहत होता.

"मामा, संध्याकाळीही अभ्रा बांधू ना? तुम्ही येईपर्यंत?"

देल्फिमने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. करार संपूर्णतः कोणाच्याच बाजूने लागला नव्हता. त्याची इच्छा असती तर त्यावर अद्याप वाद घालता आला असता. फिलोमेना मेजावरचे कण बोटाने गोळा करीत होती.

"आज संध्याकाळी बांध," तो म्हणाला. "उद्याही बांध, पण तुझ्या स्वतःच्या डगल्यावरून. परवा नुसता खांद्यावर टाक. रविवारी अभ्रा खुंटीला अडकव आणि तसाच जा. तिला तुझा वास कळू दे. घाई करायची नाही."

"आणि मग, मामा?"

"मग काय? मग तूच. गाई तुझ्या."

त्याने फोन जागेवर ठेवला, सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या आणि इदालिनाबाईंना म्हणाला, "बाई, कॉफी निवली. दुसरी मिळेल का?"