मान बांधलेला पंखा

मी एक जुना उभा पंखा आहे. मित्रांनो, माझ्या पात्यांवरची धूळ पाहून हळहळू नका. मला दुःख नाही, संताप आलाय!

या लॉन्ड्रीत आलो तेव्हा माझी मान झोकात डावीउजवीकडे फिरायची. सगळ्यांना वारा मिळायचा, सगळे माझं कौतुक करायचे. मग एका उन्हाळ्यात बॉयलरचं विजेचं पॅनेल तापून बंद पडलं. मालकानं माझं तोंड पॅनेलकडे केलं आणि मान तारेनं करकचून आवळली. तेव्हापासून मी एका पत्र्याच्या पेटीला वारा घालतोय.

माझ्या पाठीमागे इस्त्रीवाली वाफेत उभी असते. हिवाळ्यात ती गुणगुणत चादरींच्या घड्या घालते, पण उन्हाळा लागला की राग तिच्या नाकावर. सगळे तिला ‘तोफखाना’ म्हणतात. परवा मालकानं तिला गिऱ्हाइकासमोर झापलं, तशी तिनं इस्त्री दाणकन आपटली.

“उद्यापासून येऊ नकोस!” मालक ओरडला. “स्वभावच वाईट तुझा!”

तिची नणंद नर्स आहे. दवाखान्याच्या चादरी न्यायला ती नेमकी तेव्हाच आली होती.

“स्वभाव वाईट असता तर आधी मला कळलं असतं, एका घरात राहतो आम्ही!” ती कडाडली. “अंग सारखं तापत राहिलं की शरीराला वाटतं, संकट आलं. मग कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, रक्तात वाढू शकतं. छाती धडधडते, झोप उडते, माणूस चिडतो. उन्हाळा लागल्यापासून वहिनी धड झोपलेली नाही.”

“मग मी काय करू?”

“पॅनेल तापून बंद पडलं, तेव्हा त्याचा स्वभाव काढलात का?”

नणंदेनं पक्कड घेतली आणि तार तोडली. माझी मान कुरकुरत वळली. वारा लागताच इस्त्रीवालीनं डोळे मिटले आणि ती तिथंच रडली.

“ये उद्या,” मालक पुटपुटला. माफी मागेल तर शपथ!

दुसऱ्या दिवशी त्यानं नवाकोरा पंखा आणला. तिच्यासाठी? छे! पेटीसाठी. माणसासाठी हा मोडका मी. असू दे, मी जीव तोडून फिरतोय.

मित्रांनो, उन्हाळ्यात कुणी तुमच्यावर खेकसलं, तर त्याचा स्वभाव काढण्याआधी तिथला पंखा कुणाकडे वळलाय ते बघा. जाताना पक्कड घेऊन जा.